लकव्यानंतर तिसऱ्या दिवशी आलेला ताप

हे प्रकरण कुण्या एका माणसाचं नाही. मराठवाड्यातल्या वॉर्डांमध्ये पुन:पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका रुग्णाभोवती गुंफून ते अभ्यासासाठी रचलं आहे. रुग्णाचे आकडे त्या चित्राला धरून घेतले आहेत. संशोधनाचे दाखले मात्र खरे आहेत.

रुग्ण

वय ६८, परभणी जिल्ह्यातले शेतकरी. अकरा वर्षांपासून साखर, गोळ्या आठवल्या तर. तंबाखू-चुना चाळीस वर्षं, खालच्या दोन दाढा किडलेल्या, हिरड्या सुजलेल्या. दाढांची गोष्ट पुढे लागणार आहे.

डिसेंबरचा दुसरा आठवडा. शेतीपंपाची लाईट रात्रीची, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला ते रात्री शेतात गेले. अडीच वाजता त्यांनी मुलाला फोन केला, मोटार बंद पडलीय म्हणाले. बोलणं स्वच्छ होतं. सकाळी सहाला बांधालगत पडलेले सापडले. उजवा हात आणि पाय गळालेला, तोंड डावीकडे ओढलेलं, बोलायला जावं तर नुसतं 'हं हं'. पहिला सल्ला चुलत भावाचा: "आधी पाणी पाजा, घसा सुकला असंल." तांब्यातलं पाणी तोंडात गेलं, जोराचा ठसका लागला, निम्मं पाणी गालातून खाली आलं. मग १०८ ला फोन.

रुग्णालयात पोचायला ९.४० झाले. अशा वेळी घड्याळ धरायचं ते माणूस सापडल्यापासून नाही, शेवटचा धडधाकट होता तेव्हापासून. म्हणजे अडीचपासून, सात तास दहा मिनिटं. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत उलटून गेली होती आणि कॅथेटरने गुठळी ओढून काढण्याची सोय जवळपास नव्हती. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. डाव्या बाजूच्या मधल्या मोठ्या धमनीच्या भागात मेंदू फिकट आणि सुजायला लागलेला. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर), म्हणजे गुठळी हृदयातून आली असण्याची शक्यता मोठी. लकव्याची तीव्रता मोजायच्या एनआयएचएसएस तक्त्यावर १७ गुण. साखर २४८. रक्तदाब १७८/९६, जो मुद्दाम खाली आणला नाही. ताप नाही. पांढऱ्या पेशी ११,२००, त्यात न्यूट्रोफिल (दाहाच्या जागी आधी धावणाऱ्या) ८२ टक्के, लिम्फोसाइट (जंतू नेमका ओळखणाऱ्या) १२ टक्के.

पहिले ५२ तास

ॲस्पिरिन तीनशे मिलिग्रॅम लिहिलं गेलं. गोळी नातेवाइकांच्या हातात पडली. सुनेनं ती चमचाभर पाण्यात कुटली: "मामा, जरा गिळा बरं." या वेळी ठसका आला नाही. सगळ्यांना हायसं वाटलं, आणि या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक नेमकी इथेच झाली.

रात्री मुलानं विचारलं, "सिस्टर, बापूचे व्हट पार सुकलेत. दोन चमचे चहा देऊ का?" उत्तर आलं, "हळूहळू द्या." चहा गेला. त्यानंतर रुग्णाचा 'हं' ओला येऊ लागला, घशात पाणी खदखदत असल्यासारखा. तो कुणी ऐकून लिहून ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नाकातून पोटात जाणारी नळी, रायल्स ट्यूब, घातली. पहिला फीड तीनशे मिली, मोठ्या सिरिंजने दाबून पाचेक मिनिटांत, आणि रुग्ण सपाट झोपलेला. लघवीची नळी आल्या आल्या घातली होती, चादर ओली होऊ नये एवढ्यासाठी. सलाईनची सुई लकवा मारलेल्या उजव्या हातात. केसपेपरवर पँटोप्राझोल, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारं औषध, पहिल्या दिवसापासून, कारण ते सगळ्यांच्याच केसपेपरवर असतं.

बावन्नाव्या तासाला ताप ३८.४ अंश सेल्सियस. श्वास मिनिटाला २८. ऑक्सिजन ८९ टक्के. आदल्या दिवशी हाक मारली की डोळे उघडणारा माणूस आता चिमटा काढल्यावर उघडत होता. खाटेभोवती दोन निदानं चालली होती. रात्रभर गारठ्यात पडले होते, म्हणून सर्दी छातीत उतरली, हे एक. दवाखान्याची हवा लागली, हे दुसरं. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण मूळ कारण मेंदूतच होतं.

मेंदूत लागलेली आग

रक्त थांबलं की मेंदूच्या पेशी उपाशी मरतात. मोठी धमनी बंद पडलेल्या सरासरी रुग्णात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशोब २००६ साली प्रसिद्ध झाला आणि आजही तोच सांगितला जातो. पण पेशी मरते तेव्हा ती गुपचूप मरत नाही. तिचं पोट फुटून एटीपी, डीएनएचे तुकडे, एचएमजीबी१ नावाचं प्रथिन असा ऐवज बाहेर सांडतो. एरवी या वस्तू पेशीच्या आतच असायच्या. त्या बाहेर दिसल्या की शरीर त्याचा अर्थ 'घर फुटलं' असा घेते.

हा सांडलेला ऐवज आधी ओळखतात त्या मेंदूतल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया. त्यांच्या अंगावरचे जे टोल-सदृश ग्राहक एरवी जंतूंचे अवशेष ओळखतात, तेच इथे कामाला लागतात. म्हणून एकही जंतू नसताना जंतू शिरल्यासारखी धावपळ सुरू होते: आयएल-१ बीटा, टीएनएफ अल्फा, आयएल-६ ही रसायनं सुटतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर चिकटण्याचे रेणू उगवतात, त्यांना पकडत न्यूट्रोफिल वाहिनीच्या भिंतीशी थांबतात आणि पहिल्या एक ते तीन दिवसांत मोठ्या संख्येनं जमा होतात. त्यांच्याकडचं एमएमपी-९ हे विकर रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा कुरतडतं. पडदा सच्छिद्र झाला की पाणी आणि प्रथिनं मेंदूत झिरपतात. मोठ्या लकव्याची सूज दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत शिगेला पोचते, ती यामुळे. नातेवाईक म्हणतात, "आला तेव्हा बरा होता, दवाखान्यात आणल्यावर बिघडला." पहिल्या दोन-तीन दिवसांत बिघडणं हे पुष्कळदा आजाराच्या स्वत:च्या वेळापत्रकात असतं.

मग ही आग औषधानं विझवून का टाकत नाहीत? प्रयत्न झालेत. न्यूट्रोफिलला चिकटायला जागाच मिळू नये म्हणून एनलिमोमॅब नावाची अँटिबॉडी माणसांत वापरून पाहिली. २००१ साली निकाल आला: ज्यांना औषध मिळालं त्यांची अवस्था उलट वाईट झाली, त्यांच्यात ताप आणि संसर्गही जास्त दिसले. अँटिबॉडी उंदराची होती आणि तिनेच माणसाच्या प्रतिकारशक्तीला डिवचलं, असा त्यावरचा एक खुलासा आहे. नॅटालिझुमॅबच्या चाचण्यांतूनही रुग्णांना फायदा मिळाला नाही. स्टिरॉइडची गोष्ट जुनीच आहे. रक्त थांबल्यामुळे होणाऱ्या लकव्याच्या सुजेवर त्याचा उपयोग नाही. साखर चढते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. तरी 'सूज आहे ना, मग डेक्सा द्या' ही मागणी वॉर्डात अजून ऐकू येते.

शिवाय दाह नुसता शत्रू नाही. तिसऱ्या दिवसानंतर रक्तातून आलेले मोनोसाइट भक्षक पेशी होऊन मेलेल्या पेशींचा राडारोडा उचलतात. तो उचलल्याखेरीज डागडुजी सुरू होत नाही. पहिल्या दिवशी जाळणारी फौज सातव्या दिवशी झाडलोट करते. दोन्ही वेळा तिला एकाच औषधानं हाकलणं शहाणपणाचं नाही.

मेंदूबाहेर पहारा ढिला

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. मेंदूत आग भडकलेली असतानाच बाकीच्या शरीरातली प्रतिकारशक्ती खाली बसते. ऐकायला उलटं वाटतं, पण रुग्णाच्या साध्या सीबीसी रिपोर्टमध्ये ते डोळ्यांनी दिसतं.

आल्या दिवशी पांढऱ्या पेशी ११,२०० आणि लिम्फोसाइट १२ टक्के, म्हणजे नगात १,३४४. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी १३,६०० आणि लिम्फोसाइट ६ टक्के, म्हणजे ८१६. एकूण आकडा वाढला म्हणून सगळे 'इन्फेक्शन' एवढंच वाचतात. एकूण संख्येला टक्क्यांनी गुणून लिम्फोसाइटचा नग काढायला अर्धं मिनिट लागतं; तो हजाराच्या खाली गेला होता. न्यूट्रोफिल ८८ टक्के, म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर पौणेसातवरून पौणेपंधरावर. दोन चित्रं एकाच कागदावर: आगीची फौज वाढली, पहाऱ्याची घटली.

हे होतं तीन वाटांनी. पहिली वाट हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीची: कॉर्टिसॉल चढतं आणि लिम्फोसाइट स्वत:हून मरू लागतात. दुसरी सिंपथेटिक चेतासंस्थेची. तिचे तंतू थेट प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा इथपर्यंत पोचलेले असतात. तिथे नॉरॲड्रिनॅलिन सुटतं आणि पेशींच्या बीटा ग्राहकांमार्फत त्यांची धार बोथट होते. तिसरी व्हेगस नसेची: असेटिलकोलीन भक्षक पेशींना दाहाची रसायनं सोडण्यापासून आवरतं. जोडीला आयएल-१० हे शांत करणारं रसायन रक्तात वाढतं, आणि मोनोसाइटच्या अंगावरचा एचएलए-डीआर कमी होतो. या रेणूवर ठेवूनच मोनोसाइट जंतूचा तुकडा इतर पेशींना दाखवतो. तो नसला तर चोर पकडूनही ओळख परेड होत नाही.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांवर हे उलगडून दाखवलं. मेंदूची धमनी तात्पुरती बंद केलेल्या उंदरांच्या फुफ्फुसात आणि रक्तात तीन दिवसांत आपोआप जंतू वाढले. प्रोप्रानोलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे त्या बीटा ग्राहकांची वाट अडवणारं औषध, दिल्यावर संसर्ग आणि मृत्यू दोन्ही घटले. त्याच गटाचा पुढचा प्रयोग तर वॉर्डाच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. लकवा झालेल्या उंदराच्या नाकात न्यूमोकॉकस जंतूंचे फक्त २०० नग सोडले तरी गंभीर न्यूमोनिया झाला. लकवा नसलेल्या उंदरात तेवढाच आजार करायला २,००,००० लागले. हजारपट फरक.

चहाचे ते दोन चमचे या हिशोबात बसवून पाहा. झोपेत थोडी लाळ चुकीच्या वाटेनं जाणं हे निरोगी माणसातही घडतं आणि फुफ्फुस ती निस्तरतं. या रुग्णात घशाची झडप ढिली, खोकला दुबळा, दाढांच्या कुजक्या फटींत जंतूंची दाटी, वरून साखर, आणि फुफ्फुसातला पहारा नेमका त्याच दिवसांत उठलेला. म्हणूनच गिळण्याच्या त्रासावरून एकट्यानं सगळ्या न्यूमोनियाचा हिशोब लागत नाही. लकवा जितका मोठा, पहारा तितका ढिला.

जंतू तोंडातूनच येतात असंही नाही. २०१६ मध्ये उंदरांतच दिसलं की लकव्यानंतर आतड्याचं अस्तर झिरपू लागतं आणि फुफ्फुसात सापडलेले बरेच जंतू आतड्यातले असतात. पँटोप्राझोलचा प्रश्न याच्या शेजारचा आहे. पोटातलं आम्ल जंतूंसाठी मोठी चाळण आहे. ती काढली की जठरात जंतू टिकतात आणि उलटून वर आले तर फुफ्फुसाच्या दाराशी येतात. आम्ल कमी करणाऱ्या औषधांचा न्यूमोनियाशी संबंध निरीक्षणांतून दिसला आहे. ज्याला अल्सर आहे किंवा रक्तस्रावाचा धोका जास्त आहे त्याला ही गोळी द्यावी, पण विचार करून, सवयीनं नव्हे.

शरीर असं स्वत:च्या पायावर धोंडा का मारून घेत असेल? एक तर्क पटण्यासारखा आहे. पडदा फाटल्यावर मेंदूची अशी प्रथिनं रक्तात येतात, जी लिम्फोसाइटनी एरवी कधी पाहिलेलीच नसतात. त्यांना परकं समजून शरीर मेंदूवरच उलटू नये म्हणून फौजेला काही दिवस सक्तीनं बसवलं जात असावं. अशा दिवसांत मोठा संसर्ग झाला तर ही बंदी मोडते, आणि मेंदूविरुद्धची प्रतिक्रिया जागी होण्याचा धोका वाढतो, असं प्राण्यांतले प्रयोग सुचवतात. बीटा ब्लॉकर देऊन माणसांत पहारा उभा करता येईल का, याची निरीक्षणं आपसांत जुळत नाहीत. त्या कारणासाठी ते औषध दिलं जात नाही.

तापाचा माग

लकव्याच्या रुग्णाला ताप आला की पॅरासिटामॉल देऊन गप्प बसायचं नाही, आणि न तपासता भारी अँटिबायोटिकही लावायचं नाही. इथे पुढच्या दीड तासात जे झालं ते बरंचसं नीट झालं.

आधी सुस्तीचं कारण. सूज वाढली की न्यूमोनियामुळे झापड आली, हे बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून ऑक्सिजन लावून पुन्हा सीटी. सूज वाढलेली, मध्यरेषा थोडी सरकलेली, पण झापडीचा सगळा दोष देण्याइतकी नाही. मग छाती: उजवीकडे खाली बुडबुडे फुटल्यासारखा आवाज, एक्स-रेत उजव्या खालच्या भागात पांढुरका डाग. अन्न-पाणी चुकीच्या वाटेनं गेलं की बहुतेकदा उजवीकडे जातं, कारण उजवी श्वासनलिका जास्त सरळ उतरते. पहिल्या दिवशी एक्स-रे साफ असू शकतो. बुडबुडे आणि ऑक्सिजन हे त्याच्या आधी बोलतात. रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी पहिल्या दिवशी १४, आता ११८. नुसत्या लकव्यानंही सीआरपी वाढतो, त्यामुळे एका आकड्यावर निदान ठरत नाही; चढ बघायचा. मग लघवी, पिंडऱ्या आणि सुईची जागा. उजव्या हातातली सुई काढली तेव्हा तिच्याभोवती बोटभर लाल, गरम पट्टा निघाला. ज्या हाताला संवेदना नाही तो हात दुखल्याचं सांगत नाही, म्हणून सुई लकव्याच्या हातात लावायची नसते.

रक्ताचं आणि थुंकीचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घेऊन मगच शिरेतून ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट १.२ ग्रॅम दर आठ तासांनी. दोन दिवसांनी थुंकीत क्लेब्सिएला जंतू आला, त्या औषधाला न जुमानणारा, बदलून पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम. दोन्ही मिळून सात दिवस, त्याहून जास्त नाही. ताप ३७.५ च्या वर गेला की पॅरासिटामॉल, कारण तापलेल्या मेंदूतली अर्धमेली पेशी लवकर मरते. साखरेसाठी इन्सुलिन. लघवीची नळी चौथ्या दिवशी काढली.

ही घडी आधीच का बसवली नाही, हा खरा सवाल. भरतीच्या वेळची माहिती घेऊन ए२डीएस२ नावाचा न्यूमोनियाच्या धोक्याचा गुणांक दोन मिनिटांत काढता येतो: वय ७५ किंवा जास्त असेल तर १, एट्रियल फिब्रिलेशनला १, गिळायला त्रास असेल तर २, पुरुष असल्यास १, आणि तीव्रतेला एनआयएचएसएस ५ ते १५ असेल तर ३, १६ पासून वर ५. कमाल १०. या रुग्णाचे ९ भरतात. म्हणजे न्यूमोनियाचा धोका मोठा आहे हे पहिल्याच दिवशी कळण्यासारखं होतं, फक्त कागदावर कुणी लिहिलं नव्हतं.

मग आधीच अँटिबायोटिक दिलं असतं तर?

हा प्रश्न नातेवाइकांचा असतो तसाच तरुण डॉक्टरांचाही. पहारा ढिला आहे हे माहीत आहे, तर जंतू यायच्या आधीच औषध द्या. तर्क चोख आहे आणि चाचण्यांत तो पडला. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या पास चाचणीत अडीच हजारांहून जास्त रुग्णांपैकी निम्म्यांना सेफ्ट्रायॅक्सोन २ ग्रॅम रोज, चार दिवस दिलं. लघवीचे संसर्ग घटले; तीन महिन्यांनी माणूस किती सावरला यात फरक नाही. त्याच वर्षी ब्रिटनच्या स्ट्रोक-इन्फ चाचणीत, गिळता न येणाऱ्या १,२०० हून जास्त रुग्णांत, न्यूमोनियाही कमी झाला नाही. कारण समजण्यासारखं आहे. अँटिबायोटिक रोजची लाळ थांबवत नाही, झडप घट्ट करत नाही, लिम्फोसाइट परत आणत नाही. फक्त साधे जंतू मारून चिवट जंतूंना जागा करून देतं.

फरक पडला तो भलत्याच साध्या गोष्टीनं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटमध्ये नर्सच्या हाती तीन कामं ठरवून दिली: ताप, साखर आणि गिळण्याची तपासणी, पहिले तीन दिवस. २०११ चा निकाल: ९० दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबन लक्षणीयरीत्या कमी. नवं औषध एकही नाही.

गिळण्याची चाचणी, आणि दुधातली भाकरी

नियम एक: चाचणी होईपर्यंत तोंडातून काहीही नाही. पाणी नाही, चहा नाही, गोळीही नाही. ॲस्पिरिन रायल्स ट्यूबमधून कुटून देता येतं.

चाचणीला स्पीच थेरपिस्ट (बोलण्या-गिळण्याचा उपचारतज्ज्ञ) नसला तरी प्रशिक्षित नर्स पुरते. रुग्ण पंधरा मिनिटं जागा राहतो का, बसवल्यावर मान सावरतो का, सांगून किंवा करून दाखवून खोकतो का, स्वत:ची लाळ गिळतो का, हे आधी. यात नापास तर चाचणी तिथेच थांबते. पुढे सरळ बसवून चमचाभर, पाच मिली पाणी, एकेक करून तीन वेळा. दर वेळी बोट कंठमण्यावर ठेवायचं. तो वर उचलला गेला पाहिजे. मग 'आ' म्हणायला लावायचं. ठसका, आवाज ओला होणं, धाप, ओठांतून गळणं यातलं काहीही दिसलं की नापास. तिन्ही चमचे सुरळीत गेले तरच पेल्यातून ५० मिली. काही ठिकाणी पाण्याआधी घट्ट पदार्थानं सुरुवात करतात, कारण पातळ पाणीच सगळ्यात लवकर निसटतं.

ठसका न येणं म्हणजे पास नव्हे. घशाची जाणीवच गेली असेल तर पाणी फुफ्फुसात उतरतं आणि माणूस शांत बसून राहतो. पहाटे तांब्यातल्या घटाघट पाण्यानं ठसका लागला. कुटलेल्या गोळीच्या चमच्यानं लागला नाही, तो घसा सुधारला म्हणून नव्हे.

रायल्स ट्यूबनं न्यूमोनिया टळतो हाही गैरसमज. लाळ तर खाली जातच राहते, आणि सपाट झोपवून घाईनं ढकललेला फीड उलटून येतो. नळी जठरात आहे हे दर वेळी बघायचं: ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा कमी, शंका आली तर एक्स-रे. पोटात फुर्रकन हवा सोडून स्टेथोस्कोपनं ऐकण्याची पद्धत भरवशाची नाही. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, २०० ते २५० मिली, हातानं न दाबता सिरिंज उंच धरून स्वत:च्या वजनानं उतरू द्यायचं, वीस मिनिटं लागली तरी चालेल. मग ३० मिली पाणी. मग तासभर पलंग खाली करायचा नाही.

तोंड साफ करणं हे सगळ्यात दुर्लक्षित काम, कारण 'खातच नाही तर घाण कसली?' खात नाही म्हणूनच लाळ आटते, जिभेवर साय धरते आणि जंतू वाढतात. कुशीवर वळवून, मऊ ब्रशनं, थोड्याच पेस्टनं, दिवसातून तीन वेळा. पाणी सक्शननं किंवा कापसानं टिपून. या रुग्णाच्या हिरडीआडून पहिल्या दिवशी तंबाखूची जुनी गोळी निघाली.

नवव्या दिवशी ताप गेलेला, लिम्फोसाइट १,८८०. आता घट्ट पदार्थांची चाचणी पास. घरच्यांनी आनंदानं दुधात भाकरी कुस्करली. आजाऱ्याला हेच देतात. मऊ असतं, अंगी लागतं. गिळण्याच्या दृष्टीनं हा वाईटातला वाईट घास. दूध पातळ, ते आधी पळतं. भाकरीचा गोळा मागे राहतो. एकाच घासाला दोन वेग, आणि ढिली झडप एकाच वेळी दोघांना वाट देऊ शकत नाही. वरणात कालवलेला मोकळा भात, साबुदाण्याची खीर यांचं तेच. सुनेला सांगितलं: ज्वारीच्या पिठाची घट्ट आंबील, चमचा उलटा केला तर थबकून पडणारी, मिक्सरमधून काढलेलं घट्ट वरण-भात, चक्क्यासारखं दही. पाव चमचा, डाव्या गालात, कारण उजवा गाल घास विसरतो. हनुवटी छातीकडे. एक घास, मग एक रिकामा घोट.

भरतीच्या दुसऱ्या दिवसापासूनच थोडा थोडा वेळ बसवणं सुरू होतं. पहिल्या चोवीस तासांत जोर लावून उभं करणं अपायकारक ठरल्याचं २०१५ च्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. बाराव्या दिवशी सीटी पाहून रक्त पातळ करणारी गोळी. सतराव्या दिवशी घरी. जाताना न्यूमोकॉकस आणि फ्लूची लस लिहून दिली, किडक्या दाढांसाठी दातांच्या डॉक्टरांकडची चिठ्ठी दिली.

पाचव्या आठवड्यात मुलाचा फोन. "डॉक्टर, हुरडा निघायलाय. बापू ताटाकडंच बघायलेत. चार दाणे देऊ का?" नको. दाणा कोवळा असला तरी तो गोल आणि निसरडा. तोंडात चार गेले तरी चारही वेगवेगळे पळतात, आणि वरची शेंगदाण्याची चटणी कोरडी. उकडून, दह्यात वाटून, गाळणीतून काढून द्या, बसवून, दिवसाउजेडी. त्या दिवशी त्यांनी तीन चमचे घेतले. चौथ्याला डाव्या हातानं वाटी सरकवली. मुलानं 'आ' म्हणायला लावून आवाज ऐकला, कोरडा होता.